म्हशीच्या पोटातला मणी

डुबुक्.

दुपार इतकी गप होती की आड्यावरचा कावळासुद्धा चोच वासून नुसता बसला होता. त्यामुळे तो एवढासा आवाज माजघरातून निघाला आणि सरळ चुलीपर्यंत आला. चुलीपाशी रेशनची लाल मिलो ज्वारी पाखडत बसलेल्या अन्नपूर्णेनं मान वर केली नाही. सुपातल्या खड्यांकडे पाहत हसू तेवढं गिळलं.

माजघरात तिची सासू मनकर्णाबाई पाण्याच्या बादलीवर ओणवी झाली होती. नवरा धडधाकट जिवंत असताना गळ्यातली पोत काढायची नाही, आणि सोनं तर पाण्याला लागलंच पाहिजे. मग दुसरा उपाय काय? एका हातानं कंबर धरायची, दुसऱ्या हातानं पदर, आणि पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान खाली घालून पोतीतला मणी बादलीत बुडवायचा. डुबुक्. मग "अगं माय माय" करत सरळ व्हायचं. पाणी शुद्ध झालं.

शुद्ध करायची वेळ आली, कारण पाणी तानुबाईच्या विहिरीचं होतं.

बहात्तरचा पावसाळा आलाच नाही. संग्रामपूरकडचा हा सारा खारा पट्टा. गावविहिरीचं पाणी आधीच मचूळ, आणि होळीच्या आत तेही संपलं. बादली टाकली की तळाशी खडखड वाजायची. गोड पाणी राहिलं ते एका जागी, नाल्याकाठी, बौद्धवाड्याच्या कडेला. ती विहीर तानुबाईच्या नवऱ्यानं, दयारामनं खणलेली. गावविहिरीवर आपल्याला दोर टाकू देत नाहीत म्हटल्यावर त्यानं पहार उचलली आणि आपल्या तुकड्यात खणायला लागला. गाव हसलं. खाली काळा दगड लागला तेव्हा जास्तच हसलं. दगडाखाली गोड झरा लागला तेव्हा गावानं विषय बदलला. दयाराम पुढं तापानं गेला. विहीर राहिली, दोन शेळ्या राहिल्या आणि तानुबाई राहिली.

गावविहिरीला पाणी होतं तोवर तानुबाई ही 'तानी' होती. पाणी आटलं तशी तिची 'तानुबाई' झाली.

गावातल्या बाया पहिल्यांदा बादल्या घेऊन आल्या तेव्हा तानुबाई विहिरीच्या काठावर कंबरेवर हात ठेवून उभी होती. उंच, काटक बाई. बोलायला लागली की समोरचा आपोआप पदर सावरायचा.

"पाणी सगळ्याइले भेटन," ती म्हणाली. "ओळ एकच राहीन. जे आधी आली ते आधी. जनावराले दगडाच्या डोणीवर पाजा, पण डोणीपाशी पडलेलं शेण माहं. अन् आणखी एक. माहं पाणी घरी नेऊन धुवाचं नाई."

"पाणी कसं धुतेत वं?" मनकर्णाबाईच्या शेजारच्या केसरबाईनं अगदी भोळं तोंड करून विचारलं.

"तुमाले ठाऊक. कोणी गोमूत्र शिपडते, कोणी इंगळ टाकते, कोणी सोनं बुडवते. ज्या घरी धुतलं असं माह्या कानावर आलं, त्या घरचा दोर या विहिरीत पुन्हा उतरणार नाई. मंग बसा टँकरची वाट पाहत."

सगळ्यात मोठ्यानं बोलली ती मनकर्णाबाई. "अवं तानुबाई, आमच्या घरी असलं काईच नसते!"

आणि त्याच दुपारी डुबुक्.

आता मनकर्णाबाई काही मनानं वाईट नव्हती. भिकाऱ्याला ती चतकोर कधी देत नसे, अर्धी भाकर द्यायची. बाळंतिणीच्या मदतीला अर्ध्या हाकेत धावायची. पण सासूनं केलं, सासूच्या सासूनं केलं, ते आपण नाही केलं तर वरती गेल्यावर त्या दोघी काय म्हणतील, याची तिला धास्ती होती. शिवाय मण्याचं कौतुक होतं. सासऱ्यानं लग्नात खामगावच्या सराफ्यातून आणलेला तो मणी. "अस्सल हाये, भरीव," हे ती लग्नात सांगायची, बारशात सांगायची, एकदा मयतीतही सांगून बसली होती.

पोतीचा दोरा मात्र रोज भिजायचा आणि रोज वाळायचा. दोऱ्याला रीतभात काय कळते!

त्या दुपारी डुबुक् झालं आणि ओट्यावरून उकंडरावानं हाक मारली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला तिचा नवरा, पायातला काटा काढून मागत होता. मनकर्णाबाई काटा काढून परत आली तर माजघरात बादली नाही. गोठ्यात रुखमी उभी, सहा वर्षांची नात, दोन्ही हात कंबरेवर, तानुबाईसारखी. पुढ्यात रिकामी बादली आणि गंगी म्हैस जिभेनं नाक पुसत होती.

"आजी, गंगीनं सारं पेलं. बुडातलं बी चाटलं."

"अवं पोरी, ते पिण्याचं पाणी होतं!"

"तिनं पेलंच नं," रुखमी म्हणाली. "तिची जीभ बाहीर आली होती. मले पाहून रडत होती."

मुक्या जनावराला पाणी पाजल्याबद्दल पोराला काय रागवायचं? मनकर्णाबाईनं सवयीनं पोतीला हात लावला. इकडे काळे मणी, तिकडे काळे मणी, आणि मध्ये नुसती हाडं लागली. मणी ओवलेला दोरा मधोमध विरून तुटला होता, आणि पोत दुसऱ्या पदराच्या एका धाग्यावर लोंबत होती.

तिनं बादली उलटी केली, ठोकली, आत तोंड घालून पाहिली. माजघर लोटलं. मग म्हशीकडे पाहिलं. गंगीनं डोळे मिटून रवंथ सुरू केला होता.

मणी हरवला म्हणजे नवऱ्याच्या जीवाला घोर. आणि शोधायला लागावं तर सांगावं लागणार की मणी पाण्यात कसा पडला. सांगितलं की केसरबाईला कळणार, केसरबाईला कळलं की नाल्यापलीकडे कळणार, आणि घरचा दोर बंद. मग पोर काय पिणार, म्हैस काय पिणार? तिनं पोतीला गाठ मारली, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला आणि त्या उन्हात तशीच वावरू लागली.

"आत्याबाई, थंडी वाजते काय?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"हाव. जराशी."

दुसऱ्या दिवशीपासून घरात दोन नवलं सुरू झाली.

पहिलं शेणाचं. सून आल्यापासून मनकर्णाबाईनं शेणाला हात लावला नव्हता. आता ती पहाटेच गोठ्यात. पो पडला की तो चिमटीचिमटीनं कुस्करून, बोटांच्या मधून गाळून, उन्हात धरून बघायची.

"आत्याबाई, मी काढते नं शेण."

"राहू दे. तुह्या हाताले वास येते."

गंगी मात्र फार इमानदार जनावर. घरी ती नावापुरतं शेण टाकायची. भरघोस काय ते तानुबाईच्या डोणीवर, पाणी प्याली की लगेच, जसं काही मोबदलाच देत होती. मनकर्णाबाईच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिला कपाळ बडवावंसं वाटलं. मग ती स्वतः म्हैस घेऊन नाल्यावर जाऊ लागली, काखेत टोपली घेऊन. म्हैस पुढे, ती मागे. म्हशीनं शेपूट उचललं की हिनं टोपली धरायची.

"काऊन वो मनकर्णाबाई?" तानुबाईनं दोर ओढता ओढता विचारलं. "शेणाचं काय ठरलं होतं?"

"अवं, ते... हिचं पोट बिघडलं. पाहून राह्यली मी."

"मंग पाहा अन् ठेवा तिथंच. टोपलीत भरून कायले पाहाचं?"

ओळीतल्या बाया फिस्कन हसल्या. केसरबाई म्हणाली, "जाऊ द्या वं. पाणी पाजाचं तुमच्याइथं अन् शेण आपल्या घरी. मोठ्या घरचा हिशेब राह्यते." मनकर्णाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावभर गोवऱ्या वाटणारी बाई मी, आणि आज शेणचोर ठरले. तिनं टोपली तिथंच रिकामी केली. तानुबाईनं तिच्या डोळ्यांदेखत ते शेण उचललं, भुसा मिसळला, आणि घराच्या भिंतीवर थापायला लागली. फट्. फट्. प्रत्येक गोवरीवर पाच बोटं. मनकर्णाबाईला वाटलं, प्रत्येक थापेला आपला मणी आत आत चालला आहे.

दुसरं नवल उकंडरावाचं.

म्हातारा सकाळी खडीवर निघाला की मनकर्णाबाई दारात आडवी. "अजी, आज जाऊ नोका."

"हजेरी कोण लावीन?"

"लिंबाखालून जाऊ नोका मंग. फांदी वाळेल हाये."

"अवं, ते फांदी माह्या बापाच्या टायमापासून वाळेल हाये."

रुखमीच्या वाटणीतली दुधाची वाटी ती त्याच्यापुढे सरकवू लागली. त्याचे पाय चेपू लागली. "बुढ्या" म्हणून एकदाही ओरडली नाही. सारा जन्म शिव्या खाल्लेला माणूस, त्याला हे झेपेना. त्यानं सुनेला बाजूला घेतलं.

"अन्नपूर्णे, खरं सांग. मले काय झालं?"

"काईच नाई मामाजी."

"मंग तुही सासू इतकी गोड काऊन बोलून राह्यली? मागं आमच्या काकूनं काकाशी असं गोड बोलणं सुरू केलं, अन् काका गेला."

त्याच दिवशी त्याला खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी उकंडराव अंथरुणावर उताणा पडून आड्याकडे पाहत होता. पोरगा जानराव तलावाच्या कामावर लांब होता. त्याच्यासाठी निरोप ठेवू लागला. "तिफनीचा फण बदलजो म्हणा. उत्तरेकडचा बांध भगवानराव दरसाल कोरते, ध्यान ठेवजो म्हणा. अन् मरायच्या आधी संग्रामपूरच्या बाजारातली जिलेबी भेटली असती तं..."

रुखमीनं त्याच्या पोटावर हात ठेवला. "आबा, तुमी कधी मरान?"

"पाहू. जिलेबी आल्यावर."

मनकर्णाबाई ते ऐकत चौकटीला टेकून उभी होती. तिला हसू आलं नाही. पदराखाली तिचा हात गळ्यावर गेला, आणि तिथं काहीच नव्हतं. मणी गेला आणि माणूस निघाला. तिनं रुखमीचा हात धरला, घागर घेतली आणि ऐन दुपारच्या उन्हात नाल्याची वाट धरली. तापलेल्या वाटेवर पाय ठरत नव्हते. रुखमी आजीच्या सावलीत उड्या मारत चालली होती.

त्या वेळी विहिरीवर कोणी नव्हतं. तानुबाई अंगणातल्या बाभळीखाली गोधडी शिवत होती.

"पाणी सकाळीच नेलं नं तुमी?"

"पाण्यासाठी नाई आली." मनकर्णाबाई तिच्यापुढं मातीतच बसली. बोलणं जुळवून आणलं होतं, ते सारं वाटेतच सांडलं. "तानुबाई, माहा मणी तुह्या गोवरीत हाये."

तानुबाईची सुई थांबली. "काय?"

"म्हशीनं गिळला."

"म्हैस गळ्यातला मणी कशी गिळन? तुमी तिच्या गळ्यात पडल्या होत्या काय?"

"बादलीत पडला. पाण्यात." मनकर्णाबाईनं मान खाली घातली. "मी बुडवत होती."

तानुबाईनं सुई गोधडीत खोचून ठेवली. शेळीनं शिंकलं. रुखमीनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"म्हणजे," तानुबाई हळू म्हणाली, "तू रोज माह्यापुढं ओळीत उभी राहून, हासून, गोड बोलून, घरी जाऊन माहं पाणी धुत होती."

"हाव."

"दयारामच्या हाताची साल निघाली होती त्या दगडात. त्याच्या रगतानं बी धुतलं नाई काय वं ते पाणी? तुले आणखी धुवाचं होतं?"

मनकर्णाबाईनं गळ्याभोवतीचा पदर सोडून रिकामी पोत पुढं केली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मले काई बी म्हण. पण आमचं माणूस अंथरुणाले खिळलं. दोर बंद कर, पण मणी पाहू दे एक डाव."

तानुबाईनं गोधडी बाजूला सारली. उभी राहिली. भिंतीकडे गेली, आणि पहिली गोवरी खसकन उचकटून मनकर्णाबाईपुढं टाकली.

"तोड. माह्या टायमाले काळी पोत होती, सोनं नव्हतं. ते तुटली तं पाहाले बी कोणी आलं नाई. तुहा तरी सापडू दे."

मग त्या दोघी भिंतीपाशी बसल्या आणि गोवऱ्या तोडू लागल्या. वाळलेल्या खाडखाड मोडायच्या, ओल्या कुस्कराव्या लागायच्या. तानुबाईच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "जळण गेलं माहं. चूल काय आता तुह्या मण्यावर पेटवू? अन् ही म्हैस काय खाते वं? नुसता कडबाच दिसते. बिचारी." मनकर्णाबाई कोपरापर्यंत शेणानं माखली. कपाळावरचा घाम पुसायला गेली तर कपाळावर शेणाचा आडवा पट्टा उमटला. ते पाहून तानुबाईला आधी हसू आवरेना, मग मनकर्णाबाईलाही. दोघी गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यात बसून पोट धरून हसत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी केसरबाई नाल्यावर धुणं घेऊन आली. तिनं पाहिलं. धुणं तिथंच टाकलं आणि आल्या पावली गावाकडं पळाली.

"गेली," तानुबाई म्हणाली. "आता टपालाची गरज नाई."

भिंतीवर मोजक्याच गोवऱ्या उरल्या असताना तानुबाईच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. तिनं ते चिमटीत धरलं, डोणीतल्या पाण्यात खळखळून धुतलं, उन्हात वर केलं.

मणी होता. पण गंगीनं रवंथ करताना मन लावून चावला होता. एका बाजूनं पार चेपला होता, आणि चेपल्या जागी फाटून आतून तांबडं काहीतरी डोकावत होतं.

"मनकर्णाबाई," तानुबाई म्हणाली, "आत तं लाख हाये गं."

मनकर्णाबाईनं मणी जवळ नेला, लांब नेला. लाखच होती. वरून पापुद्र्याएवढं सोनं. लग्नात, बारशात आणि मयतीत सांगितलेलं सगळं तिला एका दमात आठवलं.

"सासऱ्यानं फसवलं," ती पुटपुटली.

"त्याले बी कोणी फसवलं असन. जाऊ दे. भरीव असता तं म्हशीच्या पोटातच बसला असता."

एवढ्यात नाल्याच्या उतारावरून धोतराचा सोगा हातात धरून कोणीतरी पळत येताना दिसलं. उकंडराव होता. खोकला नाही, कंबर नाही. लिंबाच्या वाळक्या फांदीखालूनच आला असावा.

"अवं बुढे!" तो लांबूनच ओरडला. "केसरबाई म्हणते तुले याड लागलं, तानुबाईच्या घरी शेण खाऊन राह्यली म्हणून!"

"खाऊन नाई, तोडून," तानुबाई म्हणाली. "बसा भाऊ. तुमचा जीव सापडला. जरासा चेपला, पण हाये."

सगळं ऐकून उकंडराव डोणीच्या काठावर टेकला. "म्हणजे मी मरत नाई?"

"म्हशीनं चावून बी मणी फुटला नाई पुरता," मनकर्णाबाई खेकसली, "तं तुमाले काय होते? उद्या खडीवर जा, बुढ्या!"

इतक्या दिवसांनी ती शिवी ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "अन् जिलेबी?"

मनकर्णाबाईनं शेणाचा हात उगारला.

तानुबाईनं गोधडीचा दोरा सुईत ओवला, दुहेरी केला, आणि मनकर्णाबाईला पाठ करून बसवून तिच्या गळ्यातच मणी ओवून गाठ मारली. "हा गोधडीचा दोरा हाये," ती म्हणाली. "कितीक डाव बुडव, तुटणार नाई."

मनकर्णाबाई उठली. मोडलेल्या गोवऱ्यांचा ढीग तिनं एका जागी केला, वर पाणी शिंपडलं, तुडवला, मळला, आणि भिंतीवर थापायला लागली. फट्. फट्. पाण्यावर येणाऱ्या बाया उतारावर जमून पाहत होत्या. तिनं पदर सावरला नाही की मागं वळून पाहिलं नाही. तानुबाई दुसऱ्या टोकाकडून थापत आली. भिंतीवर एक पंजा लांब बोटांचा, एक आखूड बोटांचा. ऊन उतरेस्तोवर भिंत पुन्हा भरली.

मग हात धुवून तिनं घागर उचलली आणि तिथंच थबकली. "तानुबाई... दोराचं?"

"बोलेल गोष्ट मी फिरवत नाई," तानुबाई सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुह्या घरचा दोर या विहिरीत उतरणार नाई."

उतारावर कुजबुज झाली. मनकर्णाबाईनं घागर खाली ठेवली.

तानुबाईनं खुंटीवरचा स्वतःचा दोर काढला, वेटोळं करून तिच्या हातात दिला. "आजपासून माह्या दोरानं ओढजो."

दोर जुना होता, बहुतेक दयारामच्याच हातचा वळलेला, आणि हातांनी गुळगुळीत झालेला. मनकर्णाबाईनं तो पाण्यात सोडला. घागर भरली, वर आली, काठोकाठ. उकंडरावानं ती तिच्या डोक्यावर चढवली. पाणी थोडं हिंदकळलं आणि तिच्या कपाळावरून, गळ्यावरून, चेपलेल्या मण्यावरून ओघळलं.

रुखमी इतका वेळ डोणीपाशी बसून सगळं पाहत होती. ती उठली, आजीचा पदर धरला आणि वर तोंड करून विचारलं,

"आजी, तानुआजीनं मणी या पाण्यानं धुतला. मंग आता घरी नेऊन हे पाणी आपण कायनं धुवाचं?"